शब्दचर्चा : माग, ठसा, पाऊल, पंजा – श्वापदांच्या खुणांसाठी नेमके शब्द

धांडोळा :
शिकारीत सावजाचा माग काढताना मध्येच लांडगा, अस्वल, बिबट्या अशा एखाद्या हिंस्र जनावराच्या खुणा आडव्या येतात. त्या कशा ओळखायच्या यावर मराठीत टिपण करते आहे. अडचण शब्दांची आहे. माग, ठसा, पाऊल, पाऊलखूण, पंजा, पगमार्क हे सगळे शब्द लोक एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. एका पायाच्या एका खुणेला काय म्हणावे, सगळ्या रांगेला काय म्हणावे? तळव्याच्या भागांची आणि चालींची नावे काय? संस्कृत परिभाषा नको. रानात उभे राहून तोंडातून सहज निघतील असे शब्द हवेत.

आडवाट :
पहिली वाटणी ठसा आणि माग यांची करा, निम्मे काम तिथेच होते. एक पाय एकदा टेकून जमिनीवर जे उमटते तो ठसा. अशा ठशांची रांग, मोडलेले गवत, सरकलेला दगड, विष्ठा, झाडावरचे ओरखडे हे सगळे मिळून जी वाट दिसते तो माग. 'माग' हा 'मार्ग'पासूनच आला आहे, त्यामुळे त्यात वाटेचा अर्थ आधीपासूनच आहे. म्हणून माग काढतात, माग धरतात, माग सुटतो, मागावर राहतात. ठसा काढत नाहीत. तो उमटतो, पुसतो, मोजतात.

या दोहोंची गल्लत झाली की प्राणीही चुकीचा ओळखला जातो. लोक सगळ्यात सुबक ठसा शोधतात, त्याच्यापाशी बसतात आणि त्या एकावर निकाल देतात. एक ठसा खोटे सांगू शकतो. चिखलात पाय घसरला की बोटे फाकतात. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की चार बोटांची सहा दिसतात. बर्फ वितळला की कोल्ह्याचा ठसा लांडग्याएवढा होतो. निदान आठ-दहा ठसे सलग पाहिल्याशिवाय नाव ठरवू नये. टिपणात दोन्ही शब्दांना स्वतंत्र नोंद द्या आणि पुढे कुठेही अदलाबदल करू नका.

दोन्ही दिशांसाठीही शब्द ठेवा. जनावर गेले त्या दिशेने जाणे म्हणजे माग काढणे, ते आले त्या दिशेने जाणे म्हणजे उलट माग काढणे. ताज्या मागावर अस्वल किंवा मोठे मांजर असेल तर उलट माग काढणेच शहाणपणाचे. जनावर कुठून आले, कुठे बसले, काय खाल्ले ते कळते आणि त्याच्या अंगावर जाणे टळते. मागात फरफट दिसली, म्हणजे काही ओढत नेल्याची सलग घासण, तर पुढे जाऊच नये. फरफटीच्या टोकाला मारलेले जनावर असते आणि मारणारे बहुधा जवळपास असते.

अक्षरवेल :
'पाऊल' हा शब्द अशा टिपणात धोक्याचा आहे. त्याचे तीन अर्थ आहेत : शरीराचा अवयव, जमिनीवरची खूण, आणि चालताना टाकलेले अंतर. 'लांडग्याचे पाऊल मोठे असते' या वाक्यातून काय मोजायचे ते कळत नाही. अवयवाला पाय किंवा पंजा, खुणेला ठसा, आणि पाऊल फक्त अंतरासाठी, अशी वाटणी सुचवते. डाव्या पायाच्या ठशापासून लगतच्या उजव्यापर्यंत एक पाऊल. एका पायापासून त्याच पायाच्या पुढच्या ठशापर्यंत एक ढांग. डाव्या आणि उजव्या ठशांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर ती मागाची रुंदी.

'पंजा' फारसीतल्या पाचावरून आला. पण मांजर आणि कुत्रा या दोन्ही कुळांच्या ठशात बोटे चारच दिसतात. पुढच्या पायाचे पाचवे बोट वर असते, ते सहसा टेकत नाही. खरी पाच बोटे दिसली तर अस्वल, पाणमांजर, चांदी अस्वल (नावात अस्वल असले तरी वेगळाच प्राणी), उदमांजर किंवा मुंगूस यांच्याकडे वळावे. इथेही एक सापळा आहे : ऊद म्हणजे पाणमांजर, पण उदमांजर हा वेगळाच, झाडावर चढणारा प्राणी. नुसते 'ऊद' लिहिले की निम्मे वाचक दुसऱ्याच प्राण्याकडे जातात, म्हणून पाणमांजर असेच लिहा.

'श्वापद' या शब्दाची व्युत्पत्तीही इथे सांगण्यासारखी आहे : ज्याचा पाय श्वानासारखा ते श्वापद. पुढे तो शब्द सगळ्या हिंस्र पशूंना लागला, पण मुळात त्याचे नाव पायावरूनच पडले. 'शिकारी प्राणी' मात्र टाळा. 'शिकाऱ्याचा ठसा' असे लिहिले की माणूस की जनावर हा घोळ होतो. श्वापद किंवा भक्षक बरे.

धांडोळा :
ठसा आणि मागाची वाटणी पटली, तशीच करते. तळव्याच्या भागांचे काय? एका जुन्या मजकुरात बोटांमागच्या मोठ्या भागाला 'टाच' म्हटले आहे. आणि 'नखे दिसली तर कुत्रा, नाही दिसली तर मांजर' हा नियम कितपत पुरतो?

तळवट :
टाच हा शब्द तिथे चूकच आहे. वाघ, बिबट्या, लांडगा, कोल्हा हे बोटांवर चालतात. त्यांची टाच मागच्या पायाच्या वर, ज्याला आपण उलटा गुडघा समजतो तिथे असते आणि जमिनीला लागत नाही. बोटांमागे उमटते ती तळव्याची गादी. बोटांच्या टोकांखाली असतात त्या बोटांच्या गाद्या. टाच हा शब्द अस्वलासाठी राखून ठेवा. अस्वल पूर्ण तळवा टेकते, त्याच्या मागच्या पायाच्या ठशात टाच खरोखर दिसते आणि तो ठसा अनवाणी माणसाच्या पायासारखा वाटतो. फरक बोटांत पाहावा : माणसाचा अंगठा आतल्या बाजूला असतो, अस्वलाचे सर्वांत मोठे बोट बाहेरच्या बाजूला. शिवाय बोटांपुढे नखांच्या टोकांचे ठिपके सुटे पडलेले असतात.

नखांचा नियम अपुरा आहे. मांजर कुळ चालताना नखे आत घेते हे खरे, पण चढावर, निसरड्या चिखलात किंवा झेप घेताना ती बाहेर येतात. उलट टणक जमिनीवर कुत्र्याचीही नखे उमटत नाहीत. चित्त्याची नखे तर पूर्ण आत जातच नाहीत, त्यामुळे त्याच्या ठशात ती दिसतात. बोलीत बिबट्यालाच चित्ता म्हणायची सवय आहे, तशी नोंद टिपणात गेली तर वाचक नसलेली नखे शोधत बसेल. वाघ या शब्दाचेही तेच, बऱ्याच ठिकाणी तो बिबट्यालाही चालतो. बिबट्याचा ठसा साधारण ७ ते १० सेंमी, पूर्ण वाढलेल्या वाघाचा बहुधा १२ सेंमीच्या आसपास किंवा पुढे. वाघाच्या बछड्याचा ठसा बिबट्याएवढा असू शकतो, पण लहान बछडा एकटा फिरत नाही. आजूबाजूला आईचे ठसे शोधा, आणि सापडले तर तिथून निघा.

नखांपेक्षा तळव्याची गादी जास्त भरवशाची. मांजर कुळात ती मोठी असते, तिच्या मागच्या कडेला तीन फुगे दिसतात आणि पुढची कडा सपाट किंवा मध्ये किंचित दबलेली असते. कुत्रा कुळात ती लहान व तिकोनी असते, पुढे एकच टोक येते. दुसरी गोष्ट म्हणजे समतोल. कुत्र्याच्या ठशावर मधोमध उभी रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या येतात, मधली दोन बोटे शेजारी-शेजारी पुढे असतात आणि गाद्यांमधल्या उंचवट्यातून फुलीची खूण स्पष्ट दिसते. मांजराचा ठसा तिरपा असतो, आपल्या मधल्या बोटासारखे एकच बोट पुढे काढलेले असते. त्यावरून डावा-उजवाही कळतो : ते पुढचे बोट मध्यापासून डावीकडे असेल तर ठसा उजव्या पायाचा. याला मी पुढाऱ्या बोट म्हणतो. दुसरा चांगला शब्द असल्यास सुचवा.

तरस या दोघांच्या मध्ये पडते. चार बोटे, बोथट नखे दिसतात, पण तळव्याची गादी तिरकी असते आणि पुढचा ठसा मागच्यापेक्षा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो.

अक्षरवेल :
पुढाऱ्या नको, राजकारणच डोळ्यांसमोर येते. 'आघाडीचे बोट' चांगले.

एक जुना घोटाळा इथेच निस्तरू. कोल्हा आणि खोकड हे दोन वेगळे प्राणी आहेत, पण भाषांतरांमुळे गोष्टींतली खोकडे सर्रास कोल्हा झाली आहेत. टिपणात हे चालणार नाही, कारण दोघांचे ठसे वेगळे. तळवटांनी फरक सांगावा.

तळवट :
कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जुळलेल्या असतात, मऊ मातीत हे जोडकाम दिसते. लहान कुत्र्यापासून त्याला वेगळे करायला हीच खूण उपयोगी. खोकडाचा ठसा त्याहून लहान आणि निमुळता. थंड प्रदेशातल्या लाल खोकडाच्या तळव्यावर दाट केस असतात, त्यामुळे त्याच्या गाद्या अस्पष्ट, पुसट कडांच्या उमटतात. ठसा जुना नसूनही जुना वाटतो, वय ठरवताना हे लक्षात ठेवा.

आडवाट :
लांडगा आणि मोठा पाळीव कुत्रा यांत एका ठशावरून फरक करू नये असे माझे ठाम मत आहे. मागावरून करावा. लांडगा ताकद वाया घालवत नाही. त्याचा माग सरळ, अरुंद, मागचा पाय बरोबर पुढच्याच्या ठशात. कुत्रा भरकटतो, हुंगायला वळतो, मागच्या पायांचे ठसे बाजूला पडतात, नखे बोथट आणि बोटे फाकलेली. लांडग्यांचा कळप बर्फात एकमेकांच्या ठशात पाय टाकत जातो, त्यामुळे पाच जनावरे गेली तरी एकच गेले असे वाटते. अशा वेळी वळणावर किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी जावे. तिथे रांग फुटते आणि मोजता येते.

चालींसाठी घोड्यांच्या शब्दांतला एक थेट उचला : दुडकी. लांडगा, कोल्हा दूरवर जातात ते दुडक्या चालीने. बऱ्याचदा अंग तिरके धरतात, मग सगळे पुढचे ठसे एका बाजूला आणि सगळे मागचे दुसऱ्या बाजूला पडतात, त्याला तिरकी दुडकी म्हणावे. मांजर कुळाची सावध चाल म्हणजे दबकी. पाणमांजराच्या नातलगांतले लहान प्राणी उड्या मारत जातात आणि ठसे दोन-दोनच्या जोड्यांनी पडतात, त्या जोडउड्या. चौखूर हा शब्द टाळा, त्यात खूर आहे आणि श्वापदाला खूर नसतो. 'भरधाव' पुरे.

धांडोळा :
'आघाडीचे बोट' आणि 'जोडउड्या' घेतले. मागाच्या वयासाठी 'ताजा' आणि 'शिळा' एवढे दोनच शब्द पुरतील का?

आडवाट :
तीन करा : ताजा, उतरलेला, शिळा. ताज्या ठशाची कडा धारदार, तळ आजूबाजूपेक्षा गडद व ओलसर, सांडलेले मातीचे कण मोकळे. पाण्याच्या काठी ठशात अजून गढूळ पाणी झिरपत असेल तर जनावर नुकतेच गेले. उतरलेल्या ठशाची कडा कोरडी होऊन ढासळू लागते, आत वाऱ्याने आणलेला काडीकचरा दिसतो. शिळ्यात किड्यांच्या रेघा ठशावरून आरपार गेलेल्या असतात किंवा पावसाच्या थेंबांचे खळगे आत पडलेले असतात. पण किती तासांचा हे सांगण्याचा मोह आवरा. उघड्या वाळूत भर दुपारी ठसा तासाभरात उतरतो, सावलीतल्या चिकणमातीत दिवसभर ताजा दिसतो. शेजारी स्वतःचा हात दाबून ठेवा आणि परत येताना दोन्ही ताडून पाहा. त्या मातीचा वेग त्यावरूनच कळतो.

पाहायची वेळ सकाळ किंवा संध्याकाळ. ऊन तिरपे असावे आणि ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये यावा, म्हणजे सावलीने कडा उठून दिसतात.

तळवट :
मोजणीत 'काठ' आणि 'तळ' हे दोन शब्द अवश्य घ्या. मऊ मातीत ठशाच्या भिंती वर फाकतात. काठापासून काठापर्यंत मोजले तर आकडा फुगतो. भिंत जिथे तळाला वळते तिथे मोजावे. लांबी नखे सोडून घ्यावी आणि तसे लिहून ठेवावे, नाहीतर दोन जणांचे आकडे जुळत नाहीत. छायाचित्र काढताना पट्टी ठशाशेजारी त्याच पातळीवर ठेवा, कॅमेरा सरळ वरून धरा.

'ठशाचा साचा घेतला' हे वाक्यही सुधारायला हवे. साचा म्हणजे पोकळी, तो जमिनीत आधीच तयार असतो. प्लास्टर भरून निघते ते ओतीव. ओतीवासाठी मापाने दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, एक भाग पाणी. पुठ्ठ्याची साधारण ५ सेंमी उंच कड ठशाभोवती रोवा. मिश्रण थेट ठशावर ओतले तर बारीक कडा मोडतात, म्हणून बाजूला ओतून आत वाहू द्या. जाडी २ ते ३ सेंमी हवी, पातळ राहिले तर उचलताना तुकडे होतात. उचलायला अर्धा तास थांबा, दमट हवेत जास्त. बर्फात प्लास्टर घट्ट होताना गरम होऊन ठसाच वितळवते. तिथे आधी पाण्याचा बारीक फवारा मारून ठशावर गोठलेला पापुद्रा येऊ द्यावा आणि मिश्रणाला बर्फगार पाणी वापरावे. ओतीवात डावे-उजवे उलटे दिसते. कोणता पाय ते ओतीव ओले असतानाच पाठीवर कोरून टाका.

धांडोळा :
आणि पगमार्क?

अक्षरवेल :
हिंदीतला पग आणि इंग्रजीतला मार्क यांचा तो जोडशब्द, भारतातल्या इंग्रजीतून आलेला. १९७२ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत पगमार्कच मोजले होते, २००६ पासूनच्या गणनेत भर स्वयंचलित कॅमेऱ्यांवर आला. वाघ-बिबट्याच्या ठशापुरता ठेवायला हरकत नाही. 'अस्वलाचा पगमार्क' किंवा 'लांडग्याचा पगमार्क' मात्र कानाला खटकते, तिथे ठसाच.

तळवट :
नोंदीचा नमुना देतो, चालत असेल तर तसाच घ्या : 'बिबट्या. उजवा पुढचा ठसा, ओलसर वाळू, ताजा. तळाशी लांबी ८ सेंमी, रुंदी ८.५ सेंमी. नखे नाहीत, गादीमागे तीन फुगे. दबकी चाल, सलग अकरा ठसे पाहिले. माग ओढ्याकडे, फरफट नाही.'