युद्धातल्या पराभवाची दाबलेली बातमी : तक्त्यावर मांडायची कशी?

नौपाडा_वाचक
आमच्या वाचनालयात (ठाणे, नौपाडा) दिवाळीनंतर छोटं प्रदर्शन आहे. विषय : लढाईतल्या पराभवाच्या बातम्या कशा दाबल्या गेल्या आणि ते पराभव पुढे कसे लक्षात राहिले. तक्ते सहा, प्रत्येकी १२० ते १५० शब्द, उभ्याउभ्या वाचून होतील एवढेच. अडचण अशी की मसुद्यात प्रत्येक तक्ता "सरकारने सत्य लपवले" या वाक्यावर येऊन थांबतो, त्यामुळे सगळे एकसारखे वाटतात. फरक कसा दाखवावा? शिवाय १९४२-४४ च्या मराठी वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा आहे, तो मांडता येईल का?

कोपरीकर
ते वाक्य आधी खोडा. त्याऐवजी प्रत्येक घटनेच्या चार तारखा काढा : घडलं कधी, शत्रूला कळलं कधी, आपल्या लोकांना पहिली बातमी कधी मिळाली, खरा आकडा बाहेर कधी आला. दुसरी तारीख बहुतेक जण काढतच नाहीत, आणि बातमी कुणापासून लपवली हे नेमकं तिच्यावरून कळतं.

दोन उदाहरणं शेजारीशेजारी लावा. ब्रिटिश युद्धनौका 'बरहॅम' २५ नोव्हेंबर १९४१ ला भूमध्य समुद्रात बुडाली, साडेआठशेवर माणसं गेली. ती बुडाल्याची खात्री जर्मनांना नव्हती, म्हणून नौदल खात्याने बातमी दाबली आणि २७ जानेवारी १९४२ ला जाहीर केली. मधल्या काळात मृतांच्या घरच्यांना कळवलं, पण बाहेर बोलू नका अशी विनंती करून. इथे लपवाछपवी शत्रूपासून होती.

आता प्रशांत महासागरातली मिडवेची लढाई, जून १९४२. जपानच्या अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू या चारही विमानवाहू नौका बुडाल्या. अमेरिकेला ते माहीत होतं, तिनेच बुडवल्या होत्या. तरी टोकियोच्या १० जूनच्या पत्रकात एक विमानवाहू नौका बुडाली, एकीचं मोठं नुकसान झालं आणि ३५ विमानं परतली नाहीत एवढंच होतं. वर अमेरिकेच्या दोन बुडवल्याचा दावा. प्रत्यक्षात तिची 'यॉर्कटाउन' ही एकच विमानवाहू नौका गेली. वाचलेल्या जपानी खलाशांना वेगळं ठेवलं, जखमींना इस्पितळात कुणाच्या नजरेस पडणार नाहीत असं नेलं. हे सगळं फक्त स्वतःच्या लोकांसाठी!

खाडीपलीकडे
कोपरीकरांची दुसरी तारीख लागू करायला जवळचंच उदाहरण आहे. मुंबईचा गोदी स्फोट, १४ एप्रिल १९४४. पराभव नाही, पण रीत तीच. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोबत कापसाच्या गाठी. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी, दुसरा ४ वाजून ३४ मिनिटांनी. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी सविस्तर सांगितली, आणि इथल्या वार्ताहरांना ती बाहेर धाडायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. तक्त्यावर "मुंबईकरांना कळू दिलं नाही" असं मात्र लिहू नका. आवाज साऱ्या शहराने ऐकला होता. अडवली होती ती बाहेर जाणारी बातमी.

पलटणीचा_कागद
जपान-अमेरिकेच्या आधी पहिल्या महायुद्धातलं मेसोपोटेमियातलं (आजचा इराक) कुत-अल-अमारा घ्या. तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज म्हणजे ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून, शरणागती २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे १३,००० माणसं कैद. शरणागती लपण्यासारखी नव्हतीच. लपवली ती जखमींची अवस्था. टेसिफोनच्या लढाईनंतर बोटींतून बसऱ्याला आलेल्या जखमींचे जे हाल मेजर कार्टर या डॉक्टरने पाहिले, ते वर कळवल्यावर त्यालाच दम मिळाला. वर गेलेल्या तारांमध्ये सारं समाधानकारक होतं. १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालात ते छापून आलं आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

स्मरणाचा भाग इथेच जोडा. कोकणात आणि देशावर बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बस्स. ना कुत, ना बसरा. बसऱ्याच्या स्मारकावरही गोऱ्या सैनिकांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा. अशा पाटीचा फोटो मोठा करून लावा, खाली मजकूर फारसा लागणार नाही.

नौपाडा_वाचक
हे फारच उपयोगी. पानिपत घ्यावं का? "मोत्यं गळाली" वाली सावकाराची चिठ्ठी लोकांना पाठ आहे.

पलटणीचा_कागद
घ्या, पण सेन्सॉर म्हणून नाही; तिथे सेन्सॉरच नव्हता. सांकेतिक भाषा म्हणून घ्या. दोन मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, सत्तावीस मोहरा म्हणजे सरदार. तिचे पाठ वेगवेगळे छापलेले आहेत, तेव्हा अवतरणचिन्हांत टाकू नका. शेजारी फ्रान्समधून १९१५ साली हिंदी शिपायांनी लिहिलेली पत्रं ठेवा : काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे, आणि काळी मिरी संपत आलीय. सावकाराची खूण पेशव्याला उमगली, शिपायाची सेन्सॉरला. सेन्सॉर-कचेरीने उतारे काढून ठेवले म्हणून तर ती आज वाचायला मिळतात, तीही बहुतेक इंग्रजी भाषांतरात. तक्त्यावर "भाषांतरावरून" असं नक्की लिहा.

खाडीपलीकडे
थोडा विरोध. पानिपताचा तक्ता केलात तर खर्डा (१७९५) विसरू नका. जिंकलेली लढाई शाळेच्या पुस्तकात राहिली, हरलेली भाषेत घुसली. परीक्षेतसुद्धा माणसाचं "पानिपत" होतं, "खर्डा" म्हटलं तर लोक मिरचीचा ठेचा समजतील.

कोपरीकर
सहावा तक्ता १९६२ च्या चीन-युद्धाचा. त्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ चा, सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी बराचसा भाग इंटरनेटवर टाकला. इथे चौथा रकाना रिकामाच छापा.

गठ्ठ्याबद्दल : लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. त्या कागदात आम्ल असतं, घडीवरच तुटतो, म्हणून घडी न दाबता सपाट ठेवून वरून फोटो काढा आणि छापील प्रती लावा. मूळ अंक एखादाच, काचेखाली, ट्यूबलाइटपासून लांब. ओल आलेल्या भिंतीला टेकवून तर अजिबात नको. आणि अंकाची तारीख ही छापल्याची तारीख असते, घटनेची नव्हे.

खाडीपलीकडे
तारखांवरून आठवलं. मिडवेला ४ जून म्हणजे जपानात ५ जून, मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा (जिथे तारीख बदलते ती) येते. टोकियोच्या पत्रकापर्यंतचे दिवस मोजताना दोन्ही तारखा जपानच्या धरा, नाहीतर पाचाचे सहा दिवस होतील आणि कुणीतरी तक्त्यासमोरच हिशेब काढेल.