शाळेत झालेल्या छळाचा परिणाम तरुणपणीही जात नाही : मदत हवी आहे

नमस्कार. माझा धाकटा भाऊ आता 22 वर्षांचा आहे. सहावी ते नववी अशी चार वर्षे वर्गातल्या काही मुलांनी बोलताना अडखळतो म्हणून त्याला सतत चिडवले, एकटे पाडले, आणि आम्ही घरच्यांनी ‘मुलांचे चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष केले, याची मला आजही खंत वाटते. आता मागे कोणी हसले, तरी ते आपल्यालाच हसत आहेत असे त्याला वाटते. मुलाखतीच्या आदल्या रात्री तो झोपत नाही आणि सकाळी जाणेच टाळतो.

ब्रिटनमध्ये 1958 साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात, लहानपणी असा छळ सोसलेल्यांमध्ये वयाच्या पंचेचाळिशीतही नैराश्य आणि चिंताविकार अधिक आढळले, हे वाचल्यापासून ‘हळूहळू विसरेल’ या समजुतीवरचा माझा विश्वास उडाला आहे.

समुपदेशनाचे नाव काढताच ‘मला काही झालेले नाही’ म्हणून तो विषय बंद करतो. अशा तरुणाला मदत घेण्यास आपल्यापैकी कोणी राजी केले आहे का? सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांकडून करावी की स्पीच थेरपिस्टकडून? आणि त्या वर्षांबद्दल मी स्वतःहून त्याची माफी मागितली, तर त्याला आधार वाटेल की जुनी जखम पुन्हा उघडी पडेल?