हिचची क्षमता रिकाम्या वजनावर ठरवू नये

ट्रेलर ओढण्यासाठी भार वाटून देणारी हिच (गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा सांधा) घेताना ‘जितके जाड स्प्रिंग बार (हिचला लावलेल्या, भार वाटणाऱ्या लवचीक पोलादी दांड्या) तितके सुरक्षित’ असे सुचवले जाते, ते मला पटत नाही. हिच निवडताना माहितीपत्रकातले रिकामे वजन धरून चालत नाही; पाणी, गॅस आणि सामान भरलेल्या ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीवर प्रत्यक्ष किती भार टाकतो, ते मोजावे लागते. हा भार साधारणपणे एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, म्हणजे 900 किलोच्या ट्रेलरला 90 ते 135 किलो, आणि हिच निवडताना गाडीच्या मागच्या आसापलीकडे डिकीत ठेवलेल्या सामानाचे वजनही त्यात मिळवावे. ट्रेलरच्या चाकांच्या पुढे बसवलेली पाण्याची टाकी भरली की हा आकडा बराच बदलतो. मागे भार जास्त झाला की पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते, हे आपल्या चिक्कोडी-अथणी भागात उसाची ट्रॉली ओढणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हिचचे बार त्यातला काही भार पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर परत टाकतात. मात्र गरजेपेक्षा फार ताठ बार लहान ट्रेलरच्या दांड्यावर आणि चौकटीवर अकारण ताण देतात.

चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरण्याचा विचार असेल, तर ब्रेकचा प्रश्न आधी सोडवा. ट्रेलरला सर्ज ब्रेक (गाडी हळू झाली की ट्रेलर तिला पुढे ढकलतो, त्या दाबाने लागणारे ब्रेक) असतील, तर ही हिच त्यांना चालते का, हे उत्पादकाला विचारल्याशिवाय खरेदी करू नये. आणि गाडीची ओढण्याची ठरलेली मर्यादा कोणत्याही हिचने वाढत नाही.