फेल्प्स सर्वश्रेष्ठ असेल, पण पदकं मोजून नका सांगू

पाणमांजर:
अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सचा विषय निघाला की कोणीतरी "ऑलिंपिकची २८ पदकं, त्यात २३ सुवर्ण" म्हणतं आणि वाद तिथेच मिटतो. माझा आक्षेप त्याच्यावर नाही, या मोजणीवर आहे. जलतरणात १०० मीटर जिंकणारा २०० मध्येही उतरतो, वर रिले असतातच. क्यूबाचा मल्ल मिहाइन लोपेझ २००८ ते २०२४ सलग पाच ऑलिंपिक जिंकला. हाती किती आली? पाच. कुस्तीत एकाच वेळी दोन वजनगट खेळता येत नाहीत. फेल्प्सची तर १० सुवर्णं रिलेची. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४ बाय १०० फ्रीस्टाइल रिलेच्या शेवटच्या टप्प्यात त्याचा सहकारी जेसन लेझॅकने फ्रान्सच्या बर्नारला गाठलं नसतं, तर त्याच्या तिथल्या आठ सुवर्णांची गोष्टच उरली नसती.

चौथी लेन:
असहमत. रिले वगळा. १३ वैयक्तिक सुवर्णं उरतात, आणि तेवढीही दुसऱ्या कोणाकडे नाहीत. बीजिंगला ९ दिवसांत १७ शर्यती पोहला तो. ४०० मेडली म्हणजे चारही स्ट्रोक एकाच दमात. इतकं सोपं असतं तर मार्क स्पिट्झची १९७२ ची सात सुवर्णं मागे टाकायला ३६ वर्षं का लागली?

पाणमांजर:
स्पिट्झही पोहणाराच ना? माझीच बाजू मांडलीत, आभार.

खारट:
आणि पोशाखाचं काय? २००९ मध्ये रोमला जर्मनीच्या बीडरमानने फेल्प्सला २०० फ्रीस्टाइलमध्ये हरवलं, तेव्हा त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन पोहण्याचा वेग वाढवणाऱ्या नव्या पोशाखांवर उखडले. एक वर्ष आधी बीजिंगला आपल्याच पोराच्या अंगावर नवा पोशाख होता, तेव्हा तक्रार नव्हती. २०१० पासून असल्या पोशाखांवर बंदीच आली.

चौथी लेन:
बीजिंगला २०० बटरफ्लायमध्ये त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. भिंत दिसेना, म्हणून स्ट्रोक मोजत पोहला आणि १:५२.०३ चा विश्वविक्रम केला. पोशाख मोजत होता का स्ट्रोक?

उशिरा आलेली:
तुम्ही सगळे बीजिंगमध्येच अडकलात. मला खरी गोष्ट त्यानंतरची वाटते. बीजिंगला १०० बटरफ्लायमध्ये तो सर्बियाच्या चाविचपेक्षा एक शतांश सेकंद आधी भिंतीला लागला, कारण चाविच शेवटी नुसता घसरत आला आणि याने आणखी अर्धा हात मारला. २०१२ ला लंडनला २०० बटरफ्लायमध्ये नेमकी तीच चूक फेल्प्सने केली, आणि दक्षिण आफ्रिकेचा चाड ल क्लो पाच शतांशांनी पुढे गेला. दुसऱ्याला ज्या चुकीने हरवलं तिनेच आपण हरायचं, हे किती झोंबलं असेल! मग निवृत्ती, पुनरागमन, २०१४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक, सहा महिन्यांची बंदी. नैराश्याबद्दल तो पुढे स्वतःच उघड बोलला. आणि २०१६ ला रिओमध्ये, ३१ व्या वर्षी, तीच २०० बटरफ्लाय चार शतांशांनी परत जिंकली. ल क्लो चौथा. (त्याच्याबद्दल थोडं वाईटच वाटलं मला.) माझ्या मते बीजिंगच्या आठांपेक्षा हे एक भारी.

पाणमांजर:
अहो, मग माझं वेगळं काय म्हणणं आहे? एवढं सगळं रामायण त्या २८ मध्ये 'एक' म्हणून मोजलं जातं!

चौथी लेन:
दोन. लंडनचं रौप्य विसरलात.