पीडीई हाताने सोडवायला लावणं बंद करा

टिळकवाडीचा_बॅकलॉग
सरळ सांगतो, इंजिनिअरिंगच्या गणितातून पीडीई, म्हणजे आंशिक अवकल समीकरणं, कागदावर सोडवायला लावणं बंद झालं पाहिजे. उष्णतेचं समीकरण आलं की उत्तर एक्स (फक्त जागेवर अवलंबून) गुणिले टी (फक्त वेळेवर) असं धरा, चल वेगळे करा, स्थिरांक धन, ऋण, शून्य असे तीन प्रकार लिहा आणि शेवटी ऋणवाला उचला. तोच का, हे कुणी विचारत नाही आणि गुण मिळतात. पुढं कंपनीत हे सगळं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर करतं. फूरिये या फ्रेंच गणितज्ञानं उष्णतेवरचं पुस्तक छापलं 1822 साली, आपण अजून त्याचीच सळई तापवत बसलोय.

उद्यमबाग_शिफ्ट२
तापवत नाही रे, थंड होऊ देतो. धन स्थिरांक घेतलास तर भट्टी बंद असूनही सळई तापतच जाईल, म्हणून ऋण. पाठ केलंस खरं, बघितलं नाहीस.

मी फाउंड्रीत आहे. एक जॉब ओतला होता, 20 मिमीची प्लेट आणि मधे 40 मिमी जाडीचा बॉस, म्हणजे जाड उंचवटा. सिम्युलेशनच्या स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे दोष नाही. कापून बघितलं तर बॉसच्या पोटात बोट जाईल एवढी पोकळी! सिम्युलेशन करणाऱ्या पोरानं धातू आणि साच्याच्या सीमेवरचा आकडा (तिथून उष्णता किती वेगानं जाते तो) बदललाच नव्हता. जॉब वाळूच्या साच्यातला, आकडा मागच्या लोखंडी साच्याचा. जाडी दुप्पट झाली की गोठायला वेळ साधारण चौपट लागतो. ख्वोरिनॉव्हचा नियम म्हणतात त्याला, घनफळ भागिले पृष्ठफळ आणि त्याचा वर्ग, आणि तो उष्णतेच्या समीकरणातूनच निघतो. प्लेट आधी गोठली, बॉसकडं वितळलेला रस जायची वाट बंद. आमच्या मोल्डर काकांनी ओतायच्या आधीच सांगितलं होतं, इथं रायझर (गोठताना जादा रस पुरवणारी टाकी) पाहिजे म्हणून. काका सातवी पास.

टिळकवाडीचा_बॅकलॉग
म्हणजे काकांना पीडीई न शिकता कळलं! माझंच म्हणणं खरं केलंत की ओ.

उद्यमबाग_शिफ्ट२
काकांची 30 वर्षं भट्टीपाशी गेली. तू थांबणार आहेस तेवढा?

खानापूर_पॅसेंजर
मी बीएस्सीला गणित शिकवते. तुम्ही दोघंही अर्धं बोलताय. आमच्या पोरांची दहावी मराठीतून झालेली, 'बाउंड्री कंडिशन' कानावर पडलं की वही बंद. 'सीमेवरची अट' म्हटलं की आधी हसतात (बेळगावात सीमेच्या अटी शिकवायला लागतात होय, मॅडम?), मग सळईच्या टोकाला बर्फ आहे की चिंध्या गुंडाळल्यात ते स्वतःच विचारतात.

हातानं करायचंच, खरं एक्स गुणिले टी नव्हे. सळईवर पाच ठिपके घ्या, मधला 100 अंश, बाकी 0, टोकं कायम 0. वेळेचं पाऊल, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचा वेळ, असं निवडा की प्रत्येक ठिपक्याचं नवं तापमान म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी. झालं उष्णतेचं समीकरण, चौथीच्या पोरालाही जमेल. मग पाऊल दुप्पट करा: डावा शेजारी अधिक उजवा शेजारी, वजा स्वतः. आणि काय होतं ते बघा.

उद्यमबाग_शिफ्ट२
मॅडम, हे पटलं. तरी चल वेगळे करणं काढू नका. जाडीचा वर्ग कुठून आला, हे ठिपक्यांत दिसत नाही.

टिळकवाडीचा_बॅकलॉग
एक्सेलमध्ये केलं. सरासरीवालं थोडं खाली-वर करत का होईना, थंड होत गेलं. पाऊल दुप्पट केल्यावर मधला ठिपका 100 वरून उणे 100, आणि त्याच्या पुढच्या ओळीत 300! बाहेरून उष्णता नाही की काही नाही. म्हणजे सॉफ्टवेअरही असं फेकू शकतं होय? हे मला तीन सेमिस्टरांत कुणी दाखवलं नव्हतं.

मत मात्र बदललेलं नाही. सोमवारी पेपर आहे, त्यात धन, ऋण, शून्यच येणार, ठिपके नाही. मॅडम, लोखंडी साचा असेल तर टोकाची अट काय घ्यायची, तेवढं सांगा.