केमिस्ट म्हणून केलेल्या ३६ वर्षांच्या कामातले काय लिहून ठेवावे?

जुना शिफ्ट केमिस्ट

नमस्कार. १९८६ साली सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी रायगड जिल्ह्यातील एका औषधनिर्मिती कारखान्यात शिफ्ट केमिस्ट (पाळीत उत्पादनावर देखरेख करणारा रसायनतज्ज्ञ) म्हणून रुजू झालो, पुढे प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे उत्पादनाच्या पद्धती विकसित करण्याच्या विभागात गेलो आणि ३६ वर्षांनी निवृत्त झालो. या काळात माझ्या हस्ताक्षरात ६१ नोंदवह्या भरल्या. त्या सर्व कंपनीच्या मालकीच्या असल्यामुळे तिथेच राहिल्या आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु माझी पुतणी आता एम.एस्सी. करते आहे, आणि तिने जेव्हा विचारले की, "काका, तुम्ही रोज नेमके काय करत होतात?", तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही.

म्हणून लिहायला बसलो. सुरुवातीच्या वर्षांविषयी लिहिणे सोपे गेले. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाल्यापासून आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे, आणि म्हणून तोच रेणू वेगळ्या वाटेने कसा बनवता येईल हे शोधणे हेच माझ्या पिढीतल्या केमिस्टचे मुख्य काम होते. ग्रंथालयात 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' या रसायनशास्त्रीय संशोधनाच्या सारांश-सूचीचे जाडजूड खंड काढून पाने उतरवून घेण्यात माझे कितीतरी शनिवार गेले. हे सगळे लिहून झाले, पण प्रत्यक्ष कामाकडे वळलो की पानावर जे उतरते ते पाठ्यपुस्तकात आधीच असते, आणि जे पुस्तकात नाही ते गोपनीय असल्याची शंका येते. आपल्यापैकी ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी काय लिहून ठेवले किंवा ठेवले असते, हे कृपया सांगावे.

वाशिष्ठीकाठ

मी केमिकल इंजिनिअर आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम या औद्योगिक परिसरात २८ वर्षे काम केले. माझ्या मते आपण लहान भांड्याकडून मोठ्या भांड्याकडे जाताना काय घडले, ते आधी लिहावे. एक लिटरच्या फ्लास्कमधली अभिक्रिया दोन हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये (अभिक्रियेच्या मोठ्या भांड्यात) नेली, की आकार तोच धरल्यास प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारा थंड पृष्ठभाग सुमारे साडेबारा पटींनी कमी होतो. प्रयोगशाळेत बर्फाच्या पाण्यात फ्लास्क धरून वीस मिनिटांत जे ॲसिड घातले, त्यालाच कारखान्यात रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून ब्राइन (थंड केलेले मिठाचे पाणी) फिरवूनही कित्येक तास लागतात. हे गणित विद्यार्थ्यांना येते. त्या तासांत माणसे काय करतात, हे त्यांना ठाऊक नसते.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत एका नायट्रेशनच्या (नायट्रिक ॲसिडबरोबरच्या, खूप उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेच्या) वेळी स्टरर, म्हणजे ढवळणी, बंद पडला, आणि ते लक्षात येईपर्यंत ॲसिड पडतच राहिले होते. तापमान स्थिर दिसत होते, म्हणून मी स्टरर पुन्हा सुरू करायला निघालो. आमच्या वयस्कर ऑपरेटरने माझा हात धरला आणि म्हणाले, "साहेब, खाली सगळे न मिसळता साठले आहे, आता फिरवले तर एकदम पेटेल." त्यांनी ॲसिडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि बॅच खालच्या पाण्याच्या टाकीत सोडायला लावली. बॅच वाया गेली, माणसे वाचली. थर्मामीटर जिथे बसवला आहे तिथले तापमान म्हणजे सगळ्या रिॲक्टरचे तापमान नव्हे, हे मी त्या रात्री शिकलो. बॅच रेकॉर्डमध्ये 'यांत्रिक बिघाडामुळे बॅच रद्द' एवढीच नोंद आहे. आपल्याकडेही अशा नोंदी असतील आणि त्यांमागचे पूर्ण वृत्त फक्त आपल्यालाच सांगता येईल.

गुलाबी छटा

मी १९८९ साली कामाला लागले. त्या काळी कारखाने कायद्याने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करण्यास मनाई असल्यामुळे शिफ्ट केमिस्टची वाट मला बंदच होती, आणि मी क्वालिटी कंट्रोलमध्ये गेले. ते काम दुय्यम आहे असे मला प्रारंभी वाटे. पुढे तसे वाटले नाही. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाची गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकते की विरते, एवढ्यावर एखाद्या बॅचचे भवितव्य ठरवण्याची जबाबदारी लहान नाही.

आपण 'शुद्ध' या शब्दाविषयी अवश्य लिहावे. २०१८ साली वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे कर्करोगकारक असू शकणारे द्रव्य सापडले आणि अनेक देशांत ते औषध बाजारातून परत घ्यावे लागले. ते बनवण्याची वाट बदलताना डायमिथिलफॉर्मामाइड हे द्रावक वापरले गेले आणि अभिक्रियेत उरलेले अझाइड हे घातक रसायन नष्ट करण्यासाठी नायट्राइट घातले गेले. त्या दोहोंच्या संयोगातून ते द्रव्य तयार होत होते. नेहमीच्या चाचण्यांत बॅच उत्तीर्ण होत असे, कारण त्या चाचण्या त्या द्रव्यासाठी रचलेल्याच नव्हत्या. आमच्या अहवालाचा खरा अर्थ 'जे शोधले ते मर्यादेत आढळले' इतकाच असतो, आणि हे मला सही करायला लागल्यावर कित्येक वर्षांनी उमगले.

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगते. एका बॅचमध्ये वाळवल्यावर होणारी वजनातील घट मर्यादेबाहेर आली. वरिष्ठांनी पुन्हा चाचणी करायला सांगितली, दुसरे सॅम्पल आले आणि ते उत्तीर्ण झाले. मी सही केली नाही, कारण सॅम्पल ड्रमच्या वरच्या थरातून घेतले होते. तळातून घ्यावे यासाठी मला दोन दिवस भांडावे लागले. तळ ओला निघाला. त्या दोन दिवसांत कोण माझ्याशी बोलले आणि कोण बोलले नाही, हे मला आजही आठवते.

तळेगावकर

मी या क्षेत्रात अवघी सहा वर्षे आहे, त्यामुळे गोपनीयतेपुरतेच बोलतो. प्रसिद्ध झालेले पेटंट कोणीही वाचू शकतो, त्यामुळे त्यात छापलेल्या रसायनाविषयी लिहिण्यास हरकत नसावी. उतारा (किती माल हाती येतो तो आकडा), तापमानाच्या नेमक्या मर्यादा आणि ग्राहकांची नावे वगळावीत, आणि शंका असेल तिथे जुन्या कंपनीला लेखी विचारावे. औषध बनवण्याची एखादी वाट का सोडून दिली, हे आम्हांला कुठेच वाचायला मिळत नाही. कृपया ते लिहा.

जुना शिफ्ट केमिस्ट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाशिष्ठीकाठ यांचा प्रसंग वाचून मला माझी एक जुनी बॅच आठवली. एका टप्प्यावर पाणी वाफेसोबत काढून टाकण्यासाठी आम्ही बेंझीन हे द्रावक वापरत होतो, आणि त्याचे दुष्परिणाम लक्षात घेऊन टोल्युइनकडे वळलो. बेंझीन पाण्यासह ६९ अंशांना उकळते, टोल्युइन सुमारे ८५ अंशांना, आणि पाणी संपले की टोल्युइनची बॅच ११० पर्यंत चढते. प्रयोगशाळेत पाणी लवकर निघे, म्हणून काही बिघडले नाही. कारखान्यात तेच काम रात्रभर चालले आणि माल काळवंडला. कारण शोधण्यात मी तीन आठवडे घालवले. अखेर आमच्या ऑपरेटरांनी सांगितले की, पाणी पडायचे थांबल्यावर तासाभरातच साइट ग्लासमध्ये (रिॲक्टरच्या काचेच्या झरोक्यात) रंग बदललेला दिसतो, आणि ते हे पहिल्या बॅचपासून पाहत आले होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, मीही नाही. त्यानंतर आम्ही दाब कमी करून तेच काम कमी तापमानात केले आणि माल पांढरा आला.

माझ्या त्या नोंदवहीत 'निर्वात स्थितीत केल्यास रंग सुधारतो' असे माझ्या सहीनिशी लिहिलेले आहे. त्या ऑपरेटरांचे नाव ६१ वह्यांत कुठेही नाही. ते आता माणगावजवळ आपल्या गावी असतात. येत्या रविवारी पुतणीला घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, आणि लिखाणाची सुरुवात त्या बॅचपासून, त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी करणार आहे.