अनुभव धागा: चर्चच्या मंडळीबरोबर परदेशी इंग्रजी शिकवायला गेलेले दिवस

जय ख्रिस्त, आणि सगळ्यांना नमस्कार.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर तरुण संघातली दोन मुलं माझ्याकडे आली. पुढच्या वर्षी कंबोडियाला जाणाऱ्या गटात त्यांना नाव द्यायचंय. "बाई, तिकडे इंग्रजी शिकवायचंय, तयारी काय करू?" मी दहाएक मिनिटं बोलले आणि मग जाणवलं, की हे सगळं माझ्या एकटीच्या बारा दिवसांवरून बोलतेय. म्हणून हा धागा. तुम्ही असे जाऊन आला असाल, किंवा तुमच्या गावात असे गट येत असतील, तर लिहा. आनंदाचं लिहा, सलणारंही लिहा. संस्थांची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मी करते. माहेर नगरचं, राहते पुण्यात. मराठी माध्यमाच्या शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. आम्ही नऊ जण कंबोडियातल्या बत्तंबांगजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. चहूकडे भातशेती. सरकारी शाळा तिथे दोन पाळ्यांत भरते, निम्मी मुलं सकाळी आणि निम्मी दुपारी. शाळा सुटली की मुलं मंडळीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आमच्याकडे यायची.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर 'तुझं नाव काय' लिहिलं. पन्नास मुलांनी एका सुरात उत्तर दिलं. रंग विचारले, तेही आले. प्राणी दाखवले, तर चित्र वर व्हायच्या आत नाव तयार. मला वाटलं, किती हुशार मुलं! दुपारी तिथले शिक्षक भेटले. ते म्हणाले, "दर गट इथूनच सुरुवात करतो. ही मुलं चार वर्षं रंग आणि प्राणीच शिकतायत." हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचा तास आम्ही घेतला होता आणि बारा दिवस ते मागच्या बाकावर बसून पाहणार होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? ते म्हणाले, "मला बोलायचा सराव नाही. वाचता येतं, लिहिता येतं, पण तोंड उघडत नाही." त्यांचे आजोबा शिक्षक होते. १९७७ साली त्यांना घरून नेलं, ते परत आले नाहीत. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या चार वर्षांत, शिकलेल्या माणसांवरच पहिली कुऱ्हाड पडली. राजधानी नॉम पेन्हमधला त्यांचा तुओल स्लेंगचा तुरुंग आधी शाळा होती. त्या वर्गांतून फिरताना मला आपल्या शाळेच्या खिडक्या दिसत होत्या. एका पिढीने दुसरीला शिकवायचं, हा धागाच त्या देशात तोडला गेला होता. आणि आम्ही तिथे रंगांची चित्रं घेऊन गेलो होतो.

मग माझा दुपारचा वेळ त्यांच्याचसाठी ठेवला. ख्मेर, म्हणजे तिथली भाषा, बोलणाऱ्याच्या तोंडून शब्दाच्या शेवटचा 'स' निसटतो. 'राईस'चा 'राय' होतो, 'हाऊस'चा 'हाऊ'. आम्ही जिभेचं टोक कुठे जातं ते आरशात बघत शेवटचा 'स्स' लांबवायचो. त्यांच्या भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, काल की उद्या हे वेगळ्या शब्दाने कळतं. त्यामुळे इंग्रजी भूतकाळ त्यांना का अवघड जातो, हे मला पहिल्यांदा नीट समजलं.

एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. तिसरीतली एक मुलगी माझ्या वहीत तिची अक्षरं काढून दाखवत होती. कॉ, खॉ, को, खो, ङो. मग चॉ, छॉ, चो, छो, ञो. मी थबकलेच. मी तिच्यापुढे क, ख, ग, घ, ङ लिहिलं आणि म्हणून दाखवलं. तिने आईला हाक मारली, आईने शेजारणीला. शिक्षिकेला ते 'नेअक क्रू' म्हणतात, आणि त्यातला 'क्रू' म्हणजे आपला गुरूच. बारा दिवसांत मी सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या संध्याकाळी, कारण त्या संध्याकाळी मी स्वतः शिकत होते.

आता तुम्ही लिहा.

वसईहून

ताई, तुमचं वाचून धीर आला. आमच्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) सहा जण उत्तर थायलंडला गेलो होतो, चियांग माईच्या वरच्या डोंगराळ भागात. तिथल्या कारेन लोकांत ख्रिस्ती बरेच आहेत. मुलं शिकायला खाली वसतिगृहात राहतात.

मला सलते ती एकच गोष्ट. थायलंडमध्ये बिनपगारी शिकवणंसुद्धा कामच धरतात. त्यासाठी वेगळा व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. आम्हाला नेणाऱ्यांनी सांगितलं, विमानतळावर विचारलं तर फिरायला आलोय म्हणा. मी तसंच सांगितलं. देवाचं काम करायला निघालो आणि दारातच खोटं बोललो. आठवडाभर मुलांसमोर उभा राहताना ते मनातून जात नव्हतं. परत आल्यावर फादरांशी बोललो, कुमसारातही (पापकबुलीत) सांगितलं. पुढच्या वर्षी कागदपत्रांना चार महिने लागले, गट सहाचा तीनवर आला, पण गेलो ते सरळ मार्गाने.

नवीन मुलांनो, हे पहिल्या दिवशीच विचारा. तिथल्या यजमानांना दंड झाला, वसतिगृहावर चौकशी आली, तर आपण तोवर घरी पोचलेलो असतो.

आणि पोरांच्या डोक्यावर मायेने हात ठेवायची आपली सवय असते, ती तिथे आवरा. डोकं पवित्र मानतात. मला एका सिस्टरने बाजूला घेऊन सांगितलं.

मिरजेहून

मी परिचारिका आहे. नेपाळला गेले होते, मंडळीतल्या बायकांना इंग्रजी शिकवायला. त्यांतल्या बऱ्याच जणींना आखातात कामाला जायचं होतं. गोळीच्या पाकिटावरचं वाचता यावं, मालकिणीला 'मला बरं नाही' हे सांगता यावं, पासपोर्ट कुणाच्या हाती द्यायचा नाही हे कळावं, एवढीच त्यांची मागणी. धड्याचं पुस्तक मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं. दुखणं कुठे आहे, किती दिवस आहे, ताप किती आहे, ही वाक्यं आम्ही पाठ केली. एकजण रोज बाळाला पाठीशी बांधून यायची. तिला 'छातीत दुखतंय' हे वाक्य काही केल्या यायचं नाही. शेवटच्या दिवशी ते तिने न अडखळता म्हटलं आणि सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या.

नेपाळात तेव्हा शनिवारची सुट्टी आणि रविवार कामाचा, त्यामुळे उपासनाही शनिवारी. लिपी आपलीच, तरी फसायला होतं. रस्त्यात 'शिक्षा कार्यालय' अशी पाटी दिसली आणि मी दचकले. त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण.

तिथल्या पाळकांनी पहिल्याच संध्याकाळी आम्हाला बसवून सांगितलं, वर्गात धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत, बायबलच्या गोष्टी आणायच्या नाहीत. नेपाळच्या २०७४ सालच्या, म्हणजे आपल्या २०१७ च्या, अपराध संहितेत धर्मांतर करवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर. पाळक म्हणाले, "तुम्ही सात दिवसांनी जाल. आम्ही इथेच राहणार आहोत." आमच्यातल्या एकाला ते आवडलं नाही, आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची नाही तर आलो कशाला म्हणाला. मला मात्र पटलं. भीतीपोटी नव्हे. इंग्रजी हवं म्हणून आलेल्या बाईसमोर दुसरंच काही ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं. माझी श्रद्धा कुणी विचारली तर मी सांगते, मनापासून सांगते. पण तिने विचारल्यावर.

शिकागोहून, मूळ कोल्हापूर

आमच्या चर्चचा गट दर उन्हाळ्यात पोलंडला जातो. दहा दिवसांचं इंग्रजी शिबिर असतं, सकाळी संभाषणाचे वर्ग आणि दुपारी खेळ. पहिल्या वर्षी मला स्वयंपाकघरात आणि खेळाच्या मैदानावर ठेवलं. नंतर कळलं, पालकांना 'अमेरिकन उच्चार' हवे होते आणि माझे उच्चार कोल्हापूरचे. लई लागलं मनाला. घरी फोन करून आईजवळ रडले.

चौथ्या दिवशी एक शिक्षिका आजारी पडली आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आला. नेहमीचे प्रश्न विचारले, सुट्टीत काय करता, आवडता खेळ कोणता. एका शब्दात उत्तरं यायची आणि पुन्हा शांतता. मग मी फळ्यावर भारताचा नकाशा काढला, त्यात कोल्हापूरचा ठिपका दिला आणि म्हटलं, तुमच्या देशाची पाच हजारांच्या आसपास माणसं दुसऱ्या महायुद्धात माझ्या गावाजवळ, वळिवड्याला राहत होती. १९४३ ते १९४८. बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून हालहाल होत आलेली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, लहानपणी मी त्याच्याभोवती पळापळी खेळलेय.

वर्ग एकदम जागा झाला. ती माणसं तिथे कशी पोचली? खात काय होती? परत का गेली? आता कुणी आहे का तिथे? व्याकरण चुकत होतं, शब्द सापडत नव्हते, पण कुणी थांबेना. मधली सुट्टी झाली तरी उठेनात. दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरून वळिवड्याबद्दल वाचून आली आणि तिने पाच मिनिटं उभं राहून इंग्रजीत सांगितलं. तेव्हापासून मी वर्गच घेते.

मुलांना बोलायला भाषा हवी हे खरंच, पण बोलण्यासारखं काहीतरीही हवं. ते आपण आपल्या गावातून घेऊन जाऊ शकतो.

नगर जिल्ह्यातून

मी कुठे गेलेलो नाही. माझ्याकडे लोक आलेत. सातवीपासून दहावीपर्यंत मी मिशनच्या वसतिगृहात होतो. दर जानेवारीत परदेशी पाहुणे यायचे, कधी आठ, कधी पंधरा जण. आम्हाला त्यांची फार ओढ असायची. चॉकलेट, रंगीत पेन्सिली, फोटो. मांडीवर घ्यायचे, खेळायचे. पंधरा दिवसांनी गाडीत बसताना तेही रडायचे आणि आम्हीही. ते गेल्यावर आठवडाभर धाकटी मुलं फाटकाशी जाऊन बसायची. पुढच्या जानेवारीत दुसरेच चेहरे. चौथ्या वर्षी मी मांडीवर बसायचं सोडलं. वय वाढलं म्हणून नाही.

कुणाच्या मनाला लागावं म्हणून हे लिहीत नाही. त्यांचं प्रेम खरं होतं, हे मला आजही माहीत आहे. पण जाणाऱ्याला पंधरा दिवस म्हणजे आयुष्यभराची आठवण, आणि मुलाला ती आणखी एक ताटातूट. आमच्यातल्या कित्येकांची एक ताटातूट आधीच झालेली असायची.

एक बाई वेगळ्या होत्या. वयाने साठीच्या. त्या तीन महिने राहिल्या. सकाळी आमच्या मावशींकडून मराठी शिकायच्या, वहीत लिहून घ्यायच्या आणि दुपारी आमच्याकडून तपासून घ्यायच्या. 'मी काल बाजारात गेला' असं त्यांनी म्हटलं की आम्ही ओरडायचो, "गेले! गेले!" मोठ्या माणसाची चूक आपण सुधारू शकतो हे मला तिथे कळलं, आणि माझ्या इंग्रजीच्या चुकांची लाज गेली. आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवतो ते त्या वहीमुळे.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. सिंथिया फरार १८२७ साली अमेरिकेतून आल्या, मुलींच्या शिक्षणात आयुष्य घातलं आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. सावित्रीबाईंच्या प्रशिक्षणाच्या संदर्भात ज्यांचं नाव येतं त्याच या. त्याच्या कितीतरी आधी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं. बारा दिवसांत हे कुणाला जमणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण जाणाऱ्या मुलांनी निदान शंभर शब्द तिथल्या भाषेतले शिकून जावं, आणि वसतिगृहातल्या लहानग्यांना मांडीवर घेण्याआधी पुन्हा येणार आहोत का, हे स्वतःला विचारावं.

पुण्याहून

आमच्या मंडळीचे हिशेब मी पाहतो. नऊ जणांच्या तिकिटांची बेरीज पाहून कार्यकारिणीत मी विचारलं, दोन शिक्षक पाठवून बाकीच्या पैशांतून तिथल्या शिक्षकांसाठी पुस्तकं आणि प्रशिक्षणाची सोय केली तर? वाद झाला. तरुण मुलं म्हणाली, आम्ही गेलो नाही तर आमचे डोळे उघडणार कसे? त्यांचंही खोटं नाही. शेवटी चार जण जायचे ठरले, आणि त्या चौघांनी पुढची तीन वर्षं त्याच गावी जायचं.

पुन्हा मी, धागा सुरू करणारी

नगरच्या दादा, तुमचं मी मोठ्याने वाचून दाखवलं त्या दोन मुलांना. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांतल्या एकीने विचारलं, ख्मेर कुठे शिकायला मिळेल?

बत्तंबांगच्या सरांना निरोप पाठवलाय. दर गुरुवारी रात्री आमचा अर्धा तास असतो, टेलिग्रामवर ते आवाजातले निरोप पाठवतात. या आठवड्याचा पाठ त्यांनीच निवडला, भाताची लावणी. 'राईस' शब्द अकरा वेळा आलाय, मी मोजले. तीनदा 'स' सुटला. ते गुरुवारी बघू. मुलीला ख्मेर शिकवायला ते तयार आहेत, तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटं तिची. तिला वही आणायला सांगितलीय.